शोधक्षेत्र : चिरगाव

सहा नोव्हेंबर, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. झाशीच्या इलाइट चौराह्यावरील एका दुकानात मी बाबांच्या चष्म्याची काडी बसवून घेत होते. दुकानदाराने ती दुसऱ्यांदा उलटी बसवली आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. पलीकडे थॉमस सर होते, आमच्या केंद्राचे प्रमुख. रजेवर असलेल्या माणसाला फोन करताना ते आधी क्षमा मागतात. त्या दिवशी त्यांनी ती मागितली नाही.

"एक नाव परत आली नाही," ते म्हणाले. "चार माणसे आहेत. त्यांतला एक तुझ्या गावाकडचा आहे."

आमचे बोलणे इंग्रजीत झाले, येथे मराठीत देते आहे.

मी पश्चिम किनाऱ्यावरील एका सागरी शोध व बचाव समन्वय केंद्रात आठ वर्षांपासून काम करते. मी विमान चालवत नाही, कोणाला पाण्यातून ओढून काढत नाही, आणि खरे सांगायचे तर मला बोट लागते. समुद्रविज्ञानाची पदवी घेऊन मी एका खोलीत बसते आणि बेपत्ता झालेली नाव या क्षणी कुठे असेल, एवढेच सांगते. 'एवढेच' हा शब्द मी नम्रतेने वापरलेला नाही. विमानाकडे इंधन मोजके असते, दिवसाला उजेड मोजका असतो, आणि समुद्राला काठ एकाच बाजूला असतो. चुकीच्या जागी काळजीपूर्वक शोधणे म्हणजे न शोधणेच.

बाबा झाशीच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होते. त्यांच्या टेबलावरच्या तक्त्यात एकीकडे तास, दुसरीकडे स्टेशने आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी माझे काम नीट समजून घेतले आणि म्हणाले, "बेटा, आमची गाडी हरवली तरी दोन स्टेशनांच्या मधेच हरवायची. तुम्ही तर रूळ काढून घेता आणि मग गाडी शोधायला बसता."

याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही. नाव शेवटची कुठे दिसली, त्यानंतर किती तास गेले, वारा कुठून आला, प्रवाह कुठे गेला, या चार गोष्टींवरून आम्ही नकाशावर एक बिंदू काढतो. त्या बिंदूभोवती आपल्या अज्ञानाएवढे मोठे वर्तुळ येते आणि त्या वर्तुळाला बसणारी चौकट विमानाला मिळते. दर तासाला बिंदू सरकतो आणि वर्तुळ वाढते. म्हणून खबर उशिरा देणाऱ्याचा मला राग येतो. आणि खबर खोटी देणाऱ्याचा त्याहून अधिक. एका नावमालकाने मला पाच माणसे सांगितली होती. पाच सापडली, आम्ही सगळे परत फिरायला निघालो, तेव्हा वाचलेल्यांतील एकाने विचारले, "आणि सहावा?" सहाव्याची कुठे नोंद नव्हती, म्हणून मालकाने तो मोजला नव्हता. तो सापडला, पण आणखी चार तासांनी. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच असतो: माणसे किती? ती कोण, कुठल्या देशाची, कागदपत्रे आहेत की नाहीत, हे आमच्या नियमात विचारायचेच नाही. बुडणाऱ्या माणसाला ओळखपत्र मागू नये, हे या क्षेत्रातील सर्वांत जुने धोरण आहे आणि मला सर्वांत प्रिय.

दुसरे एक धोरण प्रिय नाही, पण पाळावे लागते. आमच्याकडे शोध संपत नाही, 'स्थगित' होतो. जिवंत राहण्याची वाजवी शक्यता उरली नाही की प्रमुख सही करतात, आणि त्या सहीमागचे गणित माझे असते. माझ्या दुसऱ्याच वर्षी अशी एक सही झाली. त्या मच्छीमाराचा भाऊ दर नारळी पौर्णिमेला केंद्रात फोन करतो. "मॅडम, फाइल बंद तर नाही ना केलीत?" मी सांगते, "नाही, स्थगित आहे." "बरं," म्हणतो आणि माझ्या आईची प्रकृती विचारून फोन ठेवतो.

तर, सहा नोव्हेंबर. समुद्रात उभ्या असलेल्या एका गाळ काढणाऱ्या जहाजाला पाणी आणि भाजीपाला पोहोचवणारी ती लाकडी नाव होती. आदल्या दिवशी साडेचारला सामान उतरवून ती रिकामी परत निघाली. दोन तासांत किनाऱ्याला लागायला हवी होती. नाव चालवणाऱ्या ठेकेदाराने रात्रभर आपल्याच दोन नावा फिरवल्या आणि पहाटे पाचला आम्हांला कळवले. माझ्या हिशेबातले साडेदहा तास तेथेच गेले.

मी काडी दुकानातच टाकून चष्मा घेऊन घरी आले. साडेदहापर्यंत लॅपटॉपवर बिंदू काढून पाठवला. वारा ईशान्येकडून सतत वाहत होता, म्हणजे जमिनीकडून खोल समुद्राकडे. प्रवाह किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे. नाव रिकामी असल्यामुळे पाण्याबाहेर जास्त उघडी, म्हणजे वारा तिला जास्त ढकलणार. इंजिन बंद पडले असेल तर ती नैर्ऋत्येला खोल पाण्यात बरीच दूर गेली असणार. गणित स्वच्छ होते. थॉमस सरांनी ते मंजूर केले आणि अकराला विमान निघाले.

"आता दुसरे काम," ते म्हणाले. "हल्के रायकवार, वय एकतीस, नावेवरचा खलाशी. घर चिरगाव. नातेवाइकांकडून घ्यायच्या माहितीचा नमुना फोनवर भरायचा प्रयत्न केला, पण तिकडची बोली आमच्यापैकी कोणालाच समजत नाही. तू जवळ आहेस."

चिरगाव म्हणजे कानपूर रस्त्यावर बसने तासाभराचा प्रवास. बाबा एक काडी नसलेला चष्मा हाताने धरून सोबत आले. मी नको म्हटले. ते म्हणाले, "तुला तिथे चहा देतील, तो तुला पिववणार नाही. मी पिईन. त्यांच्या घरचा चहा कोणीतरी प्यायला हवा."

हल्केचे घर तळ्याच्या काठी होते. तळ्यावर शिंगाड्याची पाने पसरलेली, अंगणात जाळी वाळत घातलेली. ही माणसे पिढ्यान् पिढ्या तळ्यांत शिंगाडे लावतात आणि बेतवेच्या धरणात मासे धरतात. हल्केची आई रामकुँवर, साठीच्या आसपासची, उंबऱ्यात बसली होती. तिची सून मीरा आत चुलीशी होती.

"आओ बिन्नू, बैठो," रामकुँवर अम्मा म्हणाल्या. "हल्के को कछू पतो चलो?"

"अभी नहीं, अम्मा. हवाई जहाज गया है. मुझे कुछ पूछना है, उससे ढूँढने में मदद होगी."

मी नमुना काढला. त्यात सतरा प्रश्न आहेत आणि मी ते क्रमाने विचारले. आजार? नाही. औषधे? नाही. पोहता येते?

"मछरी से पूछ रईं का?" त्या म्हणाल्या. बाहेर खाटेवर बसलेल्या शेजाऱ्यांपैकी कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

अंगावर काय होते? याचे उत्तर आतून आले. मीराने दाराशी येऊन खाली बघत सांगितले, "नीली कमीज. कल सबेरे फोन पे दिखाई ती. कॉलर हमने सिओ है, लाल डोरा से." शर्ट निळा, कॉलर तिने लाल दोऱ्याने शिवलेली. विमानातून लाल टाका दिसत नाही. निळ्या समुद्रावर निळा शर्टही जवळजवळ दिसत नाही, आणि हे तिला सांगण्यासारखे नव्हते. मी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

एक वाजून पाच मिनिटांनी मी केंद्राला कळवले: नमुना पूर्ण, शोधाला उपयोगी अशी नवी माहिती नाही. हे वाक्य आजही नोंदीत आहे. त्याखाली माझी आद्याक्षरे आहेत.

परतीची बस अर्ध्या तासाने होती. बाबा दुसरा चहा पीत होते. मी वही मिटली तेव्हा अम्मांनी विचारले, "कौन तरफ ढूँढ रए?"

नातेवाइकांना शोधक्षेत्र सांगावे, असा नियम नाही. सांगू नये, असाही नाही. मी अंगणातल्या मातीत काडीने किनारा ओढला, जहाजाची जागा दाखवली, वाऱ्याचा बाण काढला, प्रवाहाचा बाण काढला आणि नाव जिथे गेली असेल तिथे एक चौकोन आखला. वर्गात शिकवावे तसे समजावून सांगितले. त्या वाकून बघत राहिल्या. मला वाटले, त्यांना आधार वाटावा म्हणून हे ठीक आहे.

"ऐसें काए जैहै?" त्या म्हणाल्या. अशी का जाईल?

"हवा ले जाएगी, अम्मा. नाव खाली है."

"पर हल्के बैठो है नाव में." त्यांच्या आवाजात मला समजावण्याचा सूर आला. "बो डलिया न डारहै का?"

"कौन सी डलिया?"

त्यांनी माझ्या हातातली काडी घेतली आणि चाळीस वर्षे नाव वल्हवताना केलेले सांगितले. धरणात वारा सुटला की ही माणसे डलियात, म्हणजे टोपलीत, दगड भरतात, दोराने नावेच्या नाकाला बांधतात आणि पाण्यात सोडतात. टोपली तळाला टेकत नाही, मधेच लटकत राहते. "फिर नाव हवा की नईं सुनत," अम्मा म्हणाल्या, "पानी की सुनत."

मी आठ वर्षे हेच गणित करत आले आहे. नावेने पाण्यात अशी ओढ सोडली असेल तर वाऱ्याचा परिणाम एकदम कमी होतो आणि ती प्रवाहाबरोबर जाते, हे आमच्या प्रत्येक तक्त्यात लिहिलेले असते. त्या तक्त्यात दोन स्तंभ असतात: ओढ सोडलेली आणि न सोडलेली. नावेवर त्या कामाचे साधन नाही, असे ठेकेदाराने सकाळी सांगितले होते, आणि मी दुसरा स्तंभ उघडलाही नव्हता.

"समुंदर में पत्थर कहाँ मिलेगा, अम्मा?" मी विचारले. हा प्रश्न विचारणे माझे कर्तव्य होते. आशा हा पुरावा नव्हे.

"पथरा काए चानें? चैत में सोई इंजन बंद भओ तो. फोन पे बताओ तो ऊने. खाली डब्बन में खारो पानी भर कें, सब्जी की जाली में बाँध कें डार दए ते. बड़े मल्लाह पैलाँ हँसे, फिर बोले, जो मोड़ा नोनो सीखो है."

चैत्रातही एकदा इंजिन बंद पडले होते. पाण्याच्या रिकाम्या कॅनमध्ये खारे पाणी भरून, भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ते बांधून हल्केने पाण्यात सोडले होते. नावेचा मुख्य, तांडेल, आधी हसला होता, मग पोरगा चांगले शिकला आहे म्हणाला होता. ठेकेदाराच्या कागदांत चैत्रातला तो बिघाड नव्हता. तो फक्त या अंगणात नोंदवलेला होता, आणि काल परतताना त्या नावेत रिकाम्या कॅनशिवाय आणि क्रेटशिवाय दुसरा मालच नव्हता.

मी केंद्राला फोन लावला. एक वाजून बत्तीस मिनिटे.

"आधीची माहिती रद्द समजा," मी म्हटले आणि सगळे सांगितले.

थॉमस सरांनी विचारले, "स्रोत?"

"आई."

"आई काहीही सांगेल. मीही आई असतो तर सांगितले असते."

"त्यांनी मुलाबद्दल काहीच सांगितलेले नाही सर, नावेबद्दल सांगितले. चाळीस वर्षे नाव वल्हवली आहे त्यांनी."

"विमान एकच आहे, हे तुला माहीत आहे. सकाळच्या चौकटीचा निम्मा भाग बघून झाला. आता इंधनासाठी परत येतेय. त्यानंतर उजेड तीन तासांचा. उरलेला निम्मा भाग सोडून उत्तरेला पाठवू? आणि ते तिथेच असले तर?"

येथे आमच्या व्यवसायाचे तत्त्व सांगते. कोणतीही शक्यता आम्ही फेकून देत नाही. प्रत्येकीला वजन देतो आणि उपलब्ध तास त्या वजनाने वाटतो. कागदावर हे सुंदर दिसते. पण विमान एक आणि तास तीन असले की वाटणी म्हणजे दोन्हींकडे अर्धवट शोध. मग कोणाला तरी नकाशावर एकाच जागी बोट ठेवावे लागते. अंगणात अम्मा माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजी समजत नव्हते, पण मी त्यांच्यावर विश्वास ठेवते आहे की नाही, एवढे त्यांना समजत असावे.

"नव्या चौकटीला सत्तर टक्के," मी म्हटले. "तिन्ही तास तिकडे."

"तुझ्या नावावर?"

"माझ्या नावावर."

बाबांच्या गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून मी दुसरा स्तंभ उघडला आणि दोन वाजेपर्यंत नवा बिंदू पाठवला. तो किनाऱ्यापासून फार दूर नव्हता. सकाळच्या बिंदूपासून मात्र इतका दूर होता की दोन्ही चौकटी एकमेकींना शिवतही नव्हत्या. तीनला विमान निघाले. आमची बस गेली होती. पुढचीही गेली. मी दर पाच मिनिटांनी फोनकडे बघत होते. बाबा म्हणाले, "गाडी सुटली की कंट्रोलरने तक्त्याकडे बघत बसू नये. रेघ आपोआप पुढे सरकत नाही." मग त्यांनी मीराला, शिंगाडे कच्चे चांगले की उकडलेले, असे विचारले आणि ती पहिल्यांदा दोन वाक्ये सलग बोलली.

 अम्मांनी मातीतला माझा सकाळच्या बिंदूचा चौकोन पायाने पुसला नाही, याचे मला नवल वाटले. उलट एका मांजराला त्यावरून हाकलले.

चार वाजून पन्नास मिनिटांनी फोन आला.

"माणसे किती?" मी विचारले.

"चार," थॉमस सर म्हणाले. "चौघे हात हलवत आहेत. नाकाला दोर आहे आणि पाण्यात काहीतरी ओढत चालले आहे. जहाज तासाभरात पोहोचेल."

मी फोन कानाला तसाच धरून अम्मांकडे वळले. आठ वर्षांत मी शेकडो वेळा आकडे सांगितले असतील, पण ते नेहमी खोलीतून खोलीत गेले होते. मी चार बोटे वर केली. अम्मांनी ती बोटे आपल्या दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ सोडली नाहीत. मीरा आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

सव्वासहाला जहाजावरून हल्केचा आवाज आला. असा फोन जोडून देणे नियमात बसत नाही. थॉमस सरांनी ते बसवले. अम्मांनी फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला.

"काए रे, डलिया डारी ती?"

"हओ अम्मा." आवाज कोरडा आणि फाटलेला होता. "डब्बन की."

"रस्सी कित्ती छोड़ी?"

"जित्ती तुमने बताई ती."

 फोन सुनेच्या हातात देऊन अम्मा तळ्याच्या दिशेने चालत गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. बाबांनी चष्मा काढून तो एका हाताने पुसण्याचा प्रयत्न केला.

पुढच्या आठवड्यात मी केंद्रात परतले. नातेवाइकांच्या नमुन्यात अठरावा प्रश्न घालावा, असा प्रस्ताव मी दिला: यापूर्वी नाव बंद पडली तेव्हा या माणसाने काय केले होते? तो मंजूर झाला. थॉमस सरांनी एवढेच म्हटले की, प्रश्न अठरावा नको, दुसरा ठेव.

राहिला समारोपाचा अहवाल. दिवाळीनंतर वरिष्ठ नियोजकपदासाठी माझी मुलाखत होती. ते पद मला हवे होते, हे लपवण्यात अर्थ नाही, आणि निवड समितीपुढे याच अहवालांतले आकडे जातात. अहवालात एक रकाना असतो: अखेरच्या मंजूर बिंदूपासून नाव प्रत्यक्ष सापडली त्या जागेचे अंतर. अखेरचा मंजूर बिंदू दुपारचा होता. अंतर दोन सागरी मैल. आमच्या क्षेत्रात हा अभिमानाने दाखवावा असा आकडा आहे आणि तो पूर्णपणे नियमानुसार आहे. स्रोताच्या रकान्यात मी रामकुँवर रायकवार यांचे नाव लिहिले, पात्रतेच्या जागी 'चाळीस वर्षांचा नौकानयनाचा अनुभव' असे लिहिले.

सकाळच्या बिंदूसाठी रकाना नव्हता. तो रद्द झालेला, म्हणून कोणी विचारणारही नव्हते. पण विमानाने अकरा ते दीड त्याच्यावर घालवले होते आणि त्या वेळात चार माणसे, दीड कॅन गोड्या पाण्यावर, दुसरीकडे वाट बघत होती. माझ्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला हे कळायला हवे. मी पट्टी ठेवून खाली एक रकाना आखला आणि लिहिले: पहिला बिंदू, घरच्या माणसांना विचारण्याआधी काढलेला. मग नकाशावर कर्कटक ठेवून अंतर दोनदा मोजले. दोन्ही वेळा तेच आले. तेरा सागरी मैल.